मशालचीतला 'ची' आपला नाही

भाची सप्टेंबरात शिकायला अंकाराला चाललीय. परवा तिनं वही दाखवली: तुर्की प्रत्ययांचा तक्ता, घडाघडा पाठ. कारण तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज: 'तुर्की ही मराठीची बहीण, अपवाद एकही नाही, शंभर प्रत्यय पाठ करा, महिन्यात बोला.' तिच्या बाबांनीच पाठवलेला. आता गप्प बसवत नाही.

त्यातला सगळ्यात अचाट शोध आधी घेते. म्हणे, तुर्कीतला धंदा दाखवणारा 'ची' आपल्या 'चा-ची-चे'तला. मराठ्यांच्या तोफखान्यातल्या तुर्कांनी तो मायदेशी नेला. पुरावा? तोपची, मशालची, खजानची. अहो, 'रामाची' म्हटलं की पुढं गाय, वही, काहीतरी लागतं. मशालची तर चांगला मिशीवाला गडी! हा 'ची' उलट तुर्कीतून फारसीच्या वाटेनं इकडं आला. मंगोलियात ओरखोनच्या खोऱ्यात क्युल तेगिन या तुर्क राजपुत्राचा, जुन्या तुर्कीतला शिलालेख आहे, सन 732 चा. त्यात कोरीवकाम करणाऱ्याला 'बेदिझ्ची' म्हटलंय. तेव्हा कुठला मराठ्यांचा तोफखाना?

पाठांतरानं घात कसा होतो तेही इथंच दिसतं. आपल्याकडं येऊन हा प्रत्यय थिजला. शब्द कुठलाही असो, 'ची'च. तुर्कीत तो आधीच्या शब्दाकडं बघून रूप बदलतो. दातांचा डॉक्टर दिश्ची, पण तोफ डागणारा तोप्चु. कॉफीवाला काह्वेजी, प्रवासी योल्जु. शेवटचा स्वर इ-ए असेल तर 'इ', उ-ओ असेल तर 'उ'. प, श अशा अघोष (घसा न थरथरता उच्चारल्या जाणाऱ्या) व्यंजनानंतर च, एरवी ज. शिवाय देवनागरीत धड न उतरणाऱ्या दोन स्वरांची आणखी चार रूपं आहेतच. भाचीच्या वहीत 'योल्ची' होतं. तिचा काय दोष, तक्त्यात एकच रूप दिलेलं.

'अपवाद नाहीत' हेही खोटं. सेव्‌चं सेवेर (प्रेम करतो), पण गेल्‌चं गेलिर (येतो). अशी 13 चिमुकली क्रियापदं आहेत (ती खुशाल घोका). आणि किताब, दुनिया, हवा हे शब्द दोन्हीकडं अरबीतून आलेत. त्यानं कुणी बहीण होत नाही.

एक मात्र नाइलाजानं कबूल. शेपटाला शेपूट जोडायची सवय मराठी माणसाला असतेच. 'घरातल्यांना' म्हणजे 'एव्देकिलेरे': एव् घर, दे 'त', कि 'घरातला'मधला 'ला', लेर अनेकवचन, ए 'ना'. क्रमसुद्धा तोच! हे सांगितल्यावर भाचीनं तक्त्यावर काट मारली आणि विचारलं, "मावशी, मग गाडीतल्यांना?"

"आराबादाकिलेरे."

"'दे'चा 'दा' झाला, मग 'कि' का नाही बदलला?"

"तो सहसा बदलत नाही. लिहून ठेव."