यादीत नाव नाही? ‘चॅलेंज व्होट’ तुमच्यासाठी नाही

नगरपरिषदेच्या मतदानाच्या आदल्या आठवड्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानात एकाच मजकुराच्या प्रती काढायला तीस-चाळीस जण तरी आले असतील. मोबाइल पुढे करायचे आणि म्हणायचे, “ताई, याची एक कॉपी द्या, केंद्रावर दाखवायला लागेल.” मजकूर साधारण असा:

“मतदार यादीत नाव नसेल तर घाबरू नका. आधार किंवा मतदार ओळखपत्र दाखवा, कलम ४९ अ खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा आणि मतदान करा. तुमचं मत आधीच कोणी टाकलं असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा. एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट झाले तर तिथे फेरमतदान होतं. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.”

आमच्या गावच्या ग्रुपवर कुणी हौशीने खाली आणखी एक ओळ जोडली होती: “नाव नसेल तर आपल्या उमेदवाराला फोन करा, तो घालून देईल.”

हा मेसेज २०१९ च्या लोकसभेपासून फिरतोय. निवडणूक आली की उगवतो, मोसमातल्या तापासारखा. मी या नगरपरिषदेच्या निवडणुकीत अपक्ष उभी होते आणि माझ्या पत्रकावर मतदार यादी हा एकच मुद्दा होता. म्हणून एकेका वाक्याचा हिशोब मांडते.

“आधार दाखवा आणि चॅलेंज व्होट मागा.” चॅलेंज मतदाराने करायचं नसतं, ते मतदाराला केलं जातं. केंद्रात बसलेला एखाद्या उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणतो, ‘हा माणूस तो नाही.’ लोकसभा-विधानसभेच्या नियमांप्रमाणे त्यासाठी त्याला केंद्राध्यक्षांकडे रोख दोन रुपये ठेवावे लागतात. मग केंद्राध्यक्ष जागेवरच चौकशी करतात. आक्षेप खरा ठरला नाही तर तो माणूस नेहमीसारखं मत देतो. ठरला तर मत नाहीच, वर पोलिसांच्या हवाली. मराठीत याला आक्षेपित मत म्हणतात. थोडक्यात, हे हत्यार तोतयाविरुद्ध आहे आणि त्यासाठी तुमचं नाव आधी यादीत असावं लागतं. नावच नसेल तर आक्षेप कशावर घेणार?

मूळ नियम १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६२ मध्ये आहे: यादीत ज्याचं नाव नाही, त्याला मत नाही. मग आधार दाखवा नाहीतर पासपोर्ट. ओळखपत्राने तुम्ही कोण हे ठरतं, मतदार आहात की नाही हे यादी ठरवते. मतदार ओळखपत्र पाकिटात आहे आणि यादीत नाव नाही, असे लोक दर निवडणुकीला भेटतात, आणि सगळ्यात जास्त चिडलेले तेच असतात. त्यांचा राग मला कळतो. सरकारनेच दिलेलं कार्ड सरकारच मानत नाही, असं त्यांना वाटतं.

“कलम ४९ अ.” हे वाचून मला हसू आवरेना. १९६१ च्या निवडणूक नियमांत ४९ अ क्रमांकाचा नियम खरंच आहे, पण तो मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे. यंत्राला कंट्रोल युनिट आणि बॅलट युनिट असावं, वगैरे. म्हणजे तुम्ही केंद्राध्यक्षांना कायद्याचा क्रमांक सुनावता आणि त्या क्रमांकाखाली निघते बटणांच्या पेटीची माहिती.

“टेंडर व्होट मागा.” अख्ख्या मेसेजमध्ये हे एकच वाक्य खरं आहे, तेही अर्धंच. पण हे नीट समजून घ्या, कारण इथे तुमचा खरा हक्क आहे. तुमचं नाव यादीत आहे, तुम्ही वेळेत पोचलात आणि मतदान अधिकारी म्हणतो, ‘तुमचं मत झालंय.’ घरी परतू नका. केंद्राध्यक्षांना तुमची ओळख पटली तर तुम्हाला मतपत्रिका मिळते. ‘प्रदत्त मतपत्रिका’ असा तिच्यावर उल्लेख असतो आणि वेगळ्या यादीत तुमची सही घेतात. यंत्रावर मात्र मत देता येत नाही, कारण तुमच्या नावावर एक मत आधीच पडलेलं आहे. तुमची मतपत्रिका पाकिटात जाते आणि मेसेज नेमकं हे सांगत नाही, की मतमोजणीच्या दिवशी ते पाकीट कुणी उघडत नाही. निवडणूक याचिका झाली आणि न्यायालयाला गरज वाटली, तरच ते मत समोर येतं.

मग उपयोग काय? २००८ साली राजस्थानात नाथद्वारा विधानसभा मतदारसंघात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने पडले. त्यांना ६२,२१५ मतं आणि समोरच्याला ६२,२१६. पुढे खटला झाला आणि प्रदत्त मतांचा मुद्दा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आपल्याकडे प्रभागाच्या निवडणुका दहा-वीस मतांवर लागतात, तेव्हा पाकिटातलं मत अगदीच फुकट नसतं. शिवाय तुमच्या नावावर दुसऱ्याने मत टाकलं, याचा लेखी पुरावा त्या केंद्राच्या कागदांत राहतो. तेव्हा मागा, जरूर मागा. फक्त आपलं मत मोजलं गेलं, अशा समजुतीत घरी जाऊ नका.

“१४ टक्के झाले की फेरमतदान.” हा आकडा कायद्यात कुठेच नाही. १५ किंवा २० लिहिलं असतं तर कुणी शंका तरी घेतली असती. १४ म्हटल्यावर कुणीतरी मोजून ठरवलंय असं वाटतं. फेरमतदान होतं ते यंत्र पळवलं किंवा मोडलं, यंत्रात बिघाड झाला, मतदानाच्या प्रक्रियेत मोठी चूक झाली किंवा केंद्र ताब्यात घेतलं गेलं तर. आणि तो निर्णय आयोग घेतो. प्रदत्त मतांची टक्केवारी त्यात येत नाही. २०१४ च्या लोकसभेला पुण्यात असंख्य लोकांची नावं यादीतून गायब होती. लोक रस्त्यावर उतरले, निवडणूक आयुक्त ब्रह्मा यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. फेरमतदान मात्र झालं नाही.

आता आमच्या गावची जोड-ओळ: “उमेदवार नाव घालून देईल.”

मतदानाच्या दिवशी, २ डिसेंबरला दुपारी मी एका केंद्रावर गेले तेव्हा दाराशी एक काका झेरॉक्सचा कागद केंद्राध्यक्षांपुढे नाचवत होते. कागद माझ्याच दुकानातला, डाव्या कडेला माझ्या मशीनची ती काळी रेघ. मला बघून म्हणाले, “ताई, तुम्ही उमेदवार ना? सांगा यांना.” काय सांगणार? मी पिशवीतून याद्या काढल्या. पत्त्याखाली सापडले नाहीत, आडनावाखाली सापडले: शेजारच्या प्रभागात, दुसऱ्या टोकाच्या शाळेत. गल्लीच्या एका बाजूची घरं इकडे, दुसऱ्या बाजूची तिकडे, आणि काकांचं घर नेमकं वळणावर. दुसरी शाळा दोन किलोमीटरवर. माझी स्कूटर बाहेर उभी होती, पण उमेदवाराने मतदाराला गाडीवरून मतदानाला नेणं हा गैरप्रकार ठरतो. काकांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि घरी गेले. दिवसभरात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

असं का होतं, हे कुणी सांगत नाही. पालिका, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण तो स्वतःची मतदार यादी करत नाही. एका ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांत फोडतो. या वेळी ती तारीख होती १ जुलै २०२५. म्हणजे ऑगस्टमध्ये ज्यांनी नव्या नावासाठीचा फॉर्म ६ भरला, त्यांना विधानसभेच्या यादीत जागा मिळाली असेल, पण डिसेंबरच्या पालिकेच्या यादीत नाही. ऑक्टोबरमध्ये प्रभागाची प्रारूप यादी लागली तेव्हा हरकतींना मोजके दिवस होते आणि हरकतही फक्त चुकीचा प्रभाग, विधानसभेच्या यादीत असून सुटलेलं नाव, लेखनिकाची चूक एवढ्याचीच. नवीन नाव त्या टप्प्यावर घालता येतच नाही, मग उमेदवार कुणीही असो. काकांची चूक मात्र त्या दिवसांत पाच मिनिटांत दुरुस्त झाली असती. यादी पालिकेच्या भिंतीवर लागली होती. वाचायला मी आणि दोन पक्षांची पोरं, एवढेच होतो.

निवडून आले असते तर मी काय केलं असतं, हा प्रश्न मला प्रचारात खूपदा विचारला गेला आणि सुरुवातीला मीही फार मोठी उत्तरं दिली. नगरसेवकाला यादीत एक नावही घालता किंवा काढता येत नाही. ते काम मतदार नोंदणी अधिकाऱ्याचं, आणि खाली धावपळ बीएलओची (केंद्रस्तरीय अधिकाऱ्याची), म्हणजे बहुतेकदा एखाद्या शिक्षिकेची किंवा अंगणवाडी ताईची. केंद्रासाठी प्रतिनिधी नेमून एका दिवसात दहापर्यंत अर्ज एकत्र देण्याची सोयसुद्धा मान्यताप्राप्त पक्षांना आहे, माझ्यासारख्या अपक्षाला नाही.

पण दोन गोष्टी पालिकेच्या हातात खरोखर आहेत. एक, मृत्यूची नोंद. गावात कोण गेलं हे पालिकेच्या दप्तरात लिहिलेलं असतं. ती यादी नोंदणी अधिकाऱ्याकडे नियमित पोचते का, हे सभागृहात विचारायला नगरसेवक लागतो. दुसरी गोष्ट, शाळा. केंद्रं पालिकेच्या शाळांत भरतात. तिथे रॅम्प आहे का, रांगेवर सावली आहे का, हा पालिकेचाच खर्च. खेड्यात सरपंचाच्या हाती याहून जास्त आहे: ग्रामसभेत यादीचं वाचन. नाव मोठ्याने वाचलं की ‘अहो, ती तर लग्न होऊन साताऱ्याला गेली’ असं मागून कुणीतरी ओरडतंच.

मला १८७ मतं पडली, अनामत गेली. नावनोंदणीच्या वर्षाला चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्या दिवशी १८ पूर्ण होत असतील तर फॉर्म ६. घर बदललं किंवा तपशील चुकला असेल तर फॉर्म ८. मयताचं नाव काढायचं असेल तर फॉर्म ७. हे तिन्ही फॉर्म मी दुकानात फुकट भरून देते. काका जानेवारीत आले होते, फॉर्म ८ भरून गेले. माझे सासरे जाऊन सहा वर्षं झाली आणि आमच्या प्रभागाच्या यादीत त्यांचं नाव माझ्या नावाच्या बरोबर वर आहे. त्यांचा फॉर्म ७ मीच विसरले होते. तो परवा दिला.