नथ कुठाय?

परवा एका कॉलेजात मुलांचे पोर्टफोलिओ बघायला बोलावलं होतं. शेवटी एका मुलीने विचारलं, "मॅम, तुमची इन्स्पिरेशन्स कोणती?" मी बाहेरच्या दोन-तीन बड्या डिझायनरांची नावं घेऊन वेळ मारून नेली. घरी येताना परळच्या पुलावर टॅक्सी अडकली तेव्हा स्वतःशीच कबूल केलं, की खरं उत्तर द्यायची मला लाज वाटली होती. कालनिर्णय, बेस्टच्या बसवरचा आकडा आणि लालबागचे एक पेंटरकाका, असं त्या एसी हॉलमध्ये सांगायचं कसं?

पेंटरकाकांपासून सुरुवात करते. आमच्या चाळीखाली पिठाची गिरणी होती, तिची पाटी रंगवायला ते आले. मी तेव्हा पाचवीत असेन. दिवाळीची सुट्टी, त्यामुळे पूर्ण दोन दिवस मी पायरीवर बसून होते. 'श्री गुरुकृपा पिठाची गिरणी' एवढंच लिहायचं होतं. पहिला तासभर त्यांनी ब्रशला हातच लावला नाही. खडूची पूड चोळलेला दोरा पत्र्यावर ताणायचा, टिचकी मारायची, की पांढरी रेघ उमटली. अशा चार रेघा. मग विती मोजल्या. मी विचारलं, "अक्षरं मोजताय?" तर म्हणाले, "अक्षरं नंतर. आधी खाली काय लोंबतंय ते मोज." 'गु'चा उकार खाली, 'कृ'ची शेपटी खाली. वर 'श्री', 'पि', 'ची', 'गि', 'णी'च्या वेलांट्या. वरच्या-खालच्यांची सोय लागली, की मग मधल्या अक्षरांची उंची ठरणार. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, डाव्या हाताखाली काठी टेकवून, एका दमात. ती ओढताना ते श्वास घेत नसत. मीही घेत नव्हते.

पुढे अप्लाइड आर्टला गेले, तिथे ग्रिड शिकवला, प्रपोर्शन शिकवलं. सगळं उपयोगी पडलं. पण आजही देवनागरी शीर्षक करायला बसले, की आधी खाली काय लोंबतंय ते मोजते.

म्हणूनच हल्ली रस्त्यावरून चालताना चिडचिड होते. २०२२ मध्ये कायदा बदलला, राज्यातल्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली, मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत असं ठरलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये कोर्टाने दोन महिन्यांची मुदत दिली आणि पाट्या झाल्या एकदाच्या. मला आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. पण झाल्या कशा? फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये जो फॉन्ट असेल तो ताणून. जोडाक्षरं फुटलेली, हलन्त उघडे पडलेले, रफार भलत्याच डोक्यावर. विंडोजमधला मंगल फॉन्ट र. कृ. जोशींसारख्या दिग्गज माणसाने केला, तो स्क्रीनवरचा बारीक मजकूर नीट वाचता यावा म्हणून. तो सहा फुटांचा करून मिठाईच्या दुकानावर टांगला तर त्यात बिचाऱ्या फॉन्टचा काय दोष! मराठीचा 'ल' पाकळीयुक्त आणि 'श' देठयुक्त लिहावा असा शासनाचा निर्णय २००९ पासून आहे. कित्येक फॉन्टांत ही रूपं असतात, भाषा 'मराठी' निवडली की येतात. तेवढी एक क्लिक कोण करणार? कायद्याने अक्षराची उंची मोजली, त्याच्या वळणाशी कोणाला घेणं नाही.

अक्षरकार कमल शेडग्यांच्या शहरात हे चाललंय. त्यांनी केलेली नाटकांची नावं बाबा पेपरातून कापून ठेवायचे. नाव वाचायच्या आधीच अक्षरांवरून कळायचं, की हसायला जायचंय की रडायला.

बेस्टचं थोडक्यात सांगते. समोर मोठा देवनागरी आकडा, आणि लिमिटेड असेल तर तो लाल. माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. आकडे ओळखायची आणि लाल म्हणजे 'ही मधे थांबत नाही बाई' हे तिला पक्कं ठाऊक. रंगाला एकच काम दिलेलं, आणि ते त्याने इमानाने केलं. आता आले एलईडी बोर्ड. त्यावर मजकूर सरकत असतो. आपला आकडा येईपर्यंत बस पुढे.

आणि कालनिर्णय. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलं, तेव्हापासून बहुतेक मराठी स्वयंपाकघरांत ते खिळ्यावर आहे. एकदा डिझायनरच्या नजरेने बघा. वार डावीकडे वरून खाली, एकेका चौकटीत तारीख, तिथी, नक्षत्र, सण, संकष्टी असेल तर चंद्रोदयाची वेळ. आम्हाला कॉलेजात 'व्हाइट स्पेस' शिकवतात. इथे नखभर जागा मोकळी नाही, तरी आईला संकष्टीचा चंद्र शोधायला दोन सेकंद लागतात. शिवाय त्या गर्दीतच ती पेन्सिलीने दुधाचा हिशेब लिहिते. 'दीड', 'दीड', 'नाही', 'दोन, पाहुणे'. सिलिंडर लावल्याची तारीख. मला आजवर एकही ॲप असं करता आलेलं नाही, ज्यात वापरणाऱ्याने स्वतःचं काही लिहावं आणि ते तिथलंच वाटावं.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण म्हणजे एक जुना क्लायंट. घरगुती भाजणी, मेतकूट, कुळथाचं पीठ करणारे, माणसं चांगली. त्यांना पाकिटाला 'मराठी टच' हवा होता. मराठी टच म्हणजे काय हे एव्हाना सगळ्यांना पाठ आहे. नथ, पैठणीचा काठ, तुतारी, आणि अगदीच जमलं नाही तर वारली. (मीही एका बिल्डरच्या ब्रोशरवर वारली बायका नाचवल्या आहेत. ज्यांच्या घरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात, त्यांची चित्रं मी टू बीएचकेच्या फ्लोअरप्लॅनभोवती किनार म्हणून लावली. पैसे वेळेवर आले. लाज जरा उशिरा आली.)

या वेळी ठरवलं, नथ नाही. पाकिटाची मागची बाजू कालनिर्णयासारखी भरगच्च केली. पाणी किती, किती वेळ भिजवायचं, किती दिवस टिकतं, तव्याला तेल केव्हा सोडायचं, सगळं चौकटींत. नावं सगळी काळ्या अक्षरांत, फक्त उपवासाच्या भाजणीचं लाल. लिमिटेडसारखं. 'ल' पाकळीचा. उकारांना खाली पुरेशी जागा.

त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. मागचं सगळं वाचलं, अगदी मोठ्याने. "मस्तच झालंय," म्हणाले, "पण मॅडम, नथ कुठाय?"

घातली. वरच्या कोपऱ्यात आहे, नखाएवढी. घराचा हप्ता मलाही असतो.

गेल्या आठवड्यात दादरला एका दुकानात कोकमं घ्यायला उभी होते. शेजारच्या काकूंनी चष्मा पर्समधून काढलाच नाही. लांबूनच वरच्या फळीकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "ते लाल नावाचं द्या हो, उपवासाचं."