दोन एक्के, बेरीज दोन

काल रात्री माझ्या हातात एक्क्यांची जोडी होती आणि मी हरलो. हे मी सकाळपासून चार जणांना ऐकवलंय. तिघांनी 'अरेरे' म्हणून विषय बदलला, चौथ्याने स्वतःच्या राण्यांची गोष्ट सुरू केली. ती मी ऐकली नाही.

पोकरमध्ये ही जोडी सरासरी 221 डावांत एकदा येते. तीन तास मी सत्ती-दुर्री, नव्वी-तिर्री असला पाला टाकत बसलो होतो. ती आली आणि मी सगळ्या चिप्स पुढे ढकलल्या. समोरच्याने नव्व्यांची जोडी उघडली. खाली, सगळ्यांच्या सामाईक पाच पानांत, पडलं राजा, सत्ती, दुर्री आणि मग चौकी. चारही पानं वेगवेगळ्या रंगांची, त्याच्या उपयोगाचं एक नाही. न दिसलेल्या 44 पानांत त्याला वाचवू शकतील अशा फक्त दोन नव्व्या. मी चिप्स ओढायला हात पुढे केलासुद्धा. मग बदाम नव्वी पडली. पुढे गेलेल्या हाताचं काय करायचं ते कळेना, म्हणून मी त्याने नाक खाजवलं.

'सॉरी हं,' तो म्हणाला. दोन्ही हातांनी चिप्स ओढताना सॉरी म्हणायला बंदी हवी.

पण तेही मी गिळलं असतं. यजमानाचे काका झोप येत नाही म्हणून माझ्या मागे खुर्ची टाकून बसले होते. ते पुढे वाकले.

'का रे हरलास?'

'नशीब, काका.'

'नशीब कसलं? एक्का म्हणजे एक. दोन एक्क्यांचे दोन. त्याचे नऊ नि नऊ अठरा. तू आधीपासूनच मागे होतास.'

'एक्का सगळ्यात मोठा असतो.'

'मग त्यावर एकच बदाम का काढतात?'

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

इथे गप्प बसायला हवं होतं. पण मी त्यांना गणित समजवायला गेलो. 'हे बघा, ही जोडी नव्व्यांपुढे पाचांतून साधारण चार वेळा जिंकते.'

'मग ही पाचवी असेल.'

'आणि शेवटच्या पानाला तर बावीसांत एकदाच नव्वी येते!'

'आत्ता किती आल्या?'

'एक.'

'बरोबर आहे की मग.' ते जरा थांबले. 'हे सगळं तुला आधी माहीत होतं?'

'हो.'

'आणि तरी सगळ्या लावल्यास?'

टेबलावरचे सगळे हसले. सॉरीवाला सर्वांत जास्त.

काकांना मी 2003 च्या पोकरच्या वर्ल्ड सिरीजची गोष्टही सांगून पाहिली. फिल आयव्हीसारखा कसलेला खेळाडू, हातात नव्व्याच. समोर ख्रिस मनीमेकर नावाचा हौशी अकाउंटंट, एक्का-राणी घेऊन. चौथ्या पानाला नव्वी येऊन आयव्हीचं फुल हाउस (तीन सारखी नि दोन सारखी पानं) झालं आणि शेवटच्या पानाला एक्का येऊन मनीमेकरचं त्याहून मोठं. आयव्ही दहावा येऊन बाहेर, मनीमेकर पुढे अख्खी स्पर्धा जिंकला, 25 लाख डॉलर. 'आडनावच मनीमेकर म्हटल्यावर दुसरं काय होणार,' काका म्हणाले. मला मात्र त्या एक्क्याचा राग येतो. नव्व्यांना हरवायला वेळेवर जाता येतं त्यांना, फक्त माझ्याकडे असताना नाही.

बरोबर खेळूनही हरायचं, ही सोसायची गोष्ट आहे हे मला कळतं. मी दुसऱ्यांना सांगतोही. फक्त गेल्या खेपेला शेवटच्या पानाला माझा सिक्वेन्स लागला तेव्हा 'याला खेळ वाचणं म्हणतात' असं मीच बोललो होतो, आणि ते सॉरीवाल्याने काल मुद्दाम काढलं. असल्या गोष्टी माणसं बरी लक्षात ठेवतात.

चिप्स संपलेल्याने पानं पिसायची, असा त्या घरचा रिवाज. माझ्या जागेवर काका बसले. यजमानाने त्यांना थोड्या चिप्स दिल्या, मी दोन पानं वाटली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, चष्मा वर करून पुन्हा पाहिली, आणि सरळ उघडी करून टेबलावर टाकली. इस्पिक एक्का, किलवर एक्का.

'माझे दोनच होतात,' ते म्हणाले. 'पुढचं वाट.'