घसा ट्यूबने दुखतो की तिच्या फुग्याने? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमचा राग मला समजतो. दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यावर आईंना दोन दिवस घोटभर चहा गिळवेना आणि वॉर्डात विचारलं तर "होतं असं" म्हणून वाटेला लावलं. पूर्ण भुलीत श्वासासाठी बहुधा तोंडातून श्वासनलिकेत ट्यूब घालतात, आणि त्यानंतर घसा दुखणं ही अगदी नेहमीची तक्रार आहे. म्हणूनच ती ऑपरेशनआधी सांगायला हवी. टाके पोटावर आणि दुखतोय घसा, म्हटल्यावर माणूस घाबरणारच.

पण "रामबागेतल्या काकूंना मास्क लावला, त्यांना काही झालं नाही, आईला मात्र स्वस्तातली ट्यूब घातली" हे तुमचं म्हणणं मला मान्य नाही. लॅरिन्जियल मास्क स्वरयंत्राच्या तोंडाशी बसतो, श्वासनलिकेत शिरत नाही. त्याने घसा कमी दुखतो हे खरं. काकूंची गाठ छातीवरची होती. आईंच्या पोटात कार्बन डायऑक्साइड भरला होता. त्या दाबाने पोटातलं वर येऊ शकतं, आणि तुम्हीच लिहिलंय की त्यांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. जुन्या मधुमेहात पोट उशिरा रिकामं होतं. वर आलेलं फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं, आणि ट्यूब ते मास्कपेक्षा चांगलं अडवते. निवडक पेशंटना काही भूलतज्ज्ञ या ऑपरेशनलाही नव्या धाटणीचा मास्क लावतात. आईंना मीही ट्यूबच घातली असती. (भुलीआधी पोट रिकामं हवं, म्हणून इंदुरात तर ऑपरेशनच्या दिवशी सकाळी "पोहे-जलेबी झाली का?" हे खोदून विचारावंच लागतं. तळलेलं खाल्लं असेल तर आठ तास थांबायचं, "थोडीशीच खाल्ली" असली तरी.)

ट्यूब घालताना स्वरयंत्र पडद्यावर दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या लॅरिंगोस्कोपचंही तेच. तोंड कमी उघडत असेल, मान वळत नसेल तर तो मोठा आधार आहे. पण त्याने घसा हमखास कमी दुखतो असं अभ्यासांतून दिसत नाही. ट्यूब घालायला मिनिटही लागत नाही. ती आत राहते तासन् तास.

खरी गोम ट्यूबच्या टोकाजवळच्या फुग्यात आहे. आम्ही त्याला कफ (इंग्रजी cuff; खोकल्यातला कफ नव्हे) म्हणतो. तो हवेने फुगून श्वासनलिकेच्या भिंतीला टेकतो. दाब साधारण २० ते ३० सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबाएवढा हवा. त्याहून वाढला की अस्तराचा रक्तपुरवठा दबतो आणि तिथे सूज येते. कफला जोडलेला, तोंडाबाहेर लोंबणारा छोटा फुगा दोन बोटांत दाबून "ठीक आहे" म्हणायची सवय आमच्यात फार आहे, पण बोटांना हा दाब कळत नाही. हवा बहुधा जास्तच भरली जाते. शिवाय भुलीसाठी नायट्रस ऑक्साइड हा वायू वापरला तर तो कफमध्ये झिरपतो आणि सुरुवातीला बरोबर असलेला दाब तासाभरात वाढतो. दाब मोजायचं घड्याळासारखं छोटं यंत्र मिळतं. ते जोडलं की काटा समोर दिसतो, जास्तीची हवा लगेच काढता येते. प्रत्येक ऑपरेशन थिएटरात ते असावं असा माझा आग्रह आहे. ट्यूबचा नंबर, म्हणजे तिची जाडी, हाही महत्त्वाचा. बायकांना सवयीने ७ नंबर घालतात. बहुतेक ऑपरेशनांना ६ किंवा ६.५ पुरतो आणि घसा कमी दुखतो.

तेव्हा पुढच्या वेळी "मास्क की ट्यूब" यापेक्षा "कफचा दाब मोजता का?" हे विचारा, आणि आईंना या वेळी झालेला त्रास भूलतज्ज्ञांना आधीच सांगा.

एका गोष्टीसाठी मात्र थांबू नका. दुखणं गेलं तरी दहा दिवसांनंतरही आवाज घोगराच आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. डिस्चार्ज कार्ड घेऊन याच आठवड्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा आणि दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घ्या. श्वास घेताना आवाज येऊ लागला, ताप आला किंवा मान सुजली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.