नागपुरात ऑटोमॅटिक घेताय? आधी गिअरबॉक्स कोणता ते विचारा

‘मॅन्युअल बरी की ऑटोमॅटिक’ यावर दोघं भांडत असतात, तेव्हा बहुतेक वेळा दोघांच्या डोक्यातली ऑटोमॅटिक वेगळी असते. एकाने एएमटी चालवलेली असते, दुसऱ्याने सीव्हीटी. एक म्हणतो झटके मारते, दुसरा म्हणतो लोण्यासारखी चालते, आणि दोघंही खरंच बोलत असतात. शोरूममध्ये मात्र एएमटी, डीसीटी, टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटी हे चारही प्रकार ‘ऑटोमॅटिक’ या एकाच नावाने विकले जातात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे हा फरक पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याला जास्त महागात पडतो.

सगळ्यात स्वस्त ती एएमटी. २०१४ साली मारुतीने सेलेरिओत आणली आणि लहान गाड्यांत पसरली. आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स, तीच क्लचप्लेट. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्याऐवजी अॅक्च्युएटर नावाचं यंत्र करतं. म्हणून एव्हरेज मॅन्युअलच्या जवळपास मिळतं आणि किंमतही साधारण पन्नास-साठ हजारांनीच वाढते. गिअर बदलताना मान पुढे जाते, कारण मधल्या क्षणी क्लच सुटलेला असतो आणि चाकांना इंजिनची ताकद मिळत नाही. उपाय सोपा आहे. गिअर बदलायची वेळ आली की अॅक्सिलरेटर किंचित सोडा, मॅन्युअलमध्ये सोडता तसाच. पाय दाबून ठेवला तर झटका जाणवणारच.

एएमटी खरी मरते ती चढावर. रामझुला पुलाच्या चढावर जाम लागला आहे, पुढची गाडी दोन हात सरकते आणि थांबते. ब्रेक सोडला की गाडी मागे जाईल या भीतीने चालवणारा अॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर धरून ठेवतो. बाहेरून गाडी शांत उभी दिसते. आत मात्र इंजिनला जोडलेलं फ्लायव्हील फिरतंय, क्लचप्लेट जवळजवळ थांबलेली आहे, दोन्ही एकमेकांवर घासताहेत, आणि इंजिनची ती सगळी ताकद उष्णता होऊन प्लेटमध्ये जाते. दोन-तीन मिनिटांत जळका वास येतो. त्यापुढे अस्तर कडक होऊन चकाकतं आणि प्लेट घसरू लागते. चढावर गाडी ब्रेकनेच धरायची, लांब थांबायचं असेल तर हँडब्रेक ओढायचा. निघताना हँडब्रेक ओढलेलाच ठेवून अॅक्सिलरेटर द्या, गाडी पुढे ओढ घेऊ लागली की हँडब्रेक सोडा. हिल होल्ड असेल तर ते ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंदच गाडी धरतं, त्याच्या भरवशावर जाममध्ये उभं राहू नका.

हाच दोष ड्राय क्लचच्या डीसीटीतही आहे, आणि ती दुरुस्ती बरीच महाग. डीसीटीत दोन क्लच असतात, पुढचा गिअर आधीच लागलेला असतो, त्यामुळे गिअर इतक्या झटकन बदलतो की हायवेवर मजा येते. पण ड्राय क्लच तेलात बुडालेला नसतो, तो हवेने थंड होतो. मे महिन्यात दुपारी दोनला इतवारी-गांधीबागेत ती हवा किती थंड असेल? गाडी पावलापावलाने सरकत राहिली की क्लच अर्धवट लागून राहतो आणि स्क्रीनवर ‘ट्रान्समिशन गरम झालं’ अशी सूचना येते. अशा वेळी पुढे दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग सरळ निघा आणि पूर्ण थांबा. इंच-इंच सरकू नका. रोजचा रस्ता बर्डी, महाल, इतवारी असेल तर ड्राय क्लचची डीसीटी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वेट क्लचची, म्हणजे क्लच तेलात बुडालेला असेल तर विचार करता येईल.

गर्दीसाठी मी टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीच सुचवतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, निघताना घासायला क्लचप्लेटच नाही. ब्रेझा, एर्टिगात हाच प्रकार आहे. सीव्हीटीत दोन पुलींवर स्टीलचा पट्टा फिरतो आणि गिअर बदलल्याचं कळतही नाही. होंडा अमेझ, सिटीत ती मिळते. जोरात दाबल्यावर आधी आवाज वाढतो आणि गाडी मागाहून पळते, हे सीव्हीटीत नेहमीचंच, बिघाड नव्हे. दोन्हींचा जीव तेलात. कोणी ‘लाइफटाइम ऑइल’ म्हणालं तरी आपल्या उन्हात आणि गर्दीत साधारण साठ हजार किलोमीटरला ते तपासून बदलून घ्या. सीव्हीटीत फक्त सीव्हीटीचंच तेल, दुसरं घातलं तर पट्टा घसरून पुली खराब होते.

पार्किंगचं थोडक्यात. ‘पी’ (पार्क) असलेल्या गाडीत ब्रेक दाबून आधी ‘एन’ (न्यूट्रल), मग हँडब्रेक, मग पायाचा ब्रेक सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्या, आणि शेवटी पुन्हा ब्रेक दाबून ‘पी’. नाहीतर सगळं वजन गिअरबॉक्सच्या लहानशा खिट्टीवर येतं आणि चढावर ‘पी’ काढताना खाडकन आवाज होतो. बऱ्याच एएमटीत ‘पी’ नसतोच. तिथे गाडी गिअरमध्ये ठेवून बंद करा आणि हँडब्रेक ओढा. बॅटरी बसली तर ऑटोमॅटिक धक्क्याने चालू होत नाही, आणि उन्हात बॅटरी लवकर थकते. टो करताना पुढची चाकं फिरू देऊ नका, फ्लॅटबेडच बोलवा.

मग मॅन्युअल कोणी घ्यावी? ज्यांचा अर्धा वेळ शेतावर, गावाकडे जातो त्यांनी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत चाक फसलं की दुसरा गिअर, अगदी हलका अॅक्सिलरेटर आणि पुढे-मागे झोके द्यावे लागतात. एएमटी ‘डी’ (पुढे) आणि ‘आर’ (मागे) यांच्या मध्ये क्षणभर थांबते, तेवढ्यात झोका मरतो आणि क्लच मात्र तापतो. शिवाय मॅन्युअलची क्लचप्लेट तालुक्याच्या गावातही बदलून मिळते, अॅक्च्युएटरसाठी नागपूर गाठावं लागतं. उमरेड, भंडाऱ्याकडे जाताना ट्रकच्या मागून निघायचं असेल तर मॅन्युअलमध्ये तिसरा गिअर टाकला की ताकद तयार असते. एएमटीत ओव्हरटेकच्या आधीच ‘एम’ (मॅन्युअल मोड) मध्ये जाऊन एक गिअर खाली घ्या, समोरून गाडी येत असताना तिच्या निर्णयाची वाट बघू नका. समृद्धीवर मात्र गिअरबॉक्सचा प्रश्नच गौण आहे. तिथे एकदा वरचा गिअर लागला की लागला, टायरची हवा आणि डोळ्यावरची झोप जास्त महत्त्वाची.

मॅन्युअल घेतली तर डावा पाय क्लचवर टेकवून ठेवू नका. क्लच घसरतोय का हे पाहायचं असेल तर रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाने जाताना अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम वर गेला आणि वेग तिथेच राहिला, तर प्लेट संपली.

डाव्या गुडघ्याचा त्रास असेल, घरातले दोघं-तिघं आलटून पालटून चालवणार असतील, तर ऑटोमॅटिकच घ्या. फक्त टेस्ट ड्राइव्ह सकाळी थंडाव्यात वर्धा रोडच्या मोकळ्या पट्ट्यावर करू नका. दुपारी एकनंतर जा, घरचे चार जण बसवा, एसी पूर्ण सुरू ठेवा, एखाद्या पुलाच्या चढावर थांबून निघा आणि दहा मिनिटं गर्दीत सरकवा. शोरूमवाला टाळाटाळ करत असेल तर दुसऱ्या शोरूममध्ये जा.