मालक, स्किल गॅप असा जपायचा

मालक, स्किल गॅप म्हणजे कारखान्याला पाहिजे ते आणि पोरांना येतं ते यातलं अंतर. ते जपायचं तर पहिली गोष्ट लक्षात घ्या, 'आजकालच्या पोरांना काही येत नाही' हे वाक्य फुकट आहे आणि पोरगं शिकवायला पैसे लागतात. त्यामुळं शेड कोल्हापूरच्या शिरोलीत असू दे, गोकुळ शिरगावात असू दे नाहीतर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, हे वाक्य रोज एकदा तरी म्हणायचंच, चहाबरोबर म्हटलं तर जास्त लागू पडतं.

आयटीआयचं पोरगं इंटरव्ह्यूला आलं की थेट व्हीएमसीसमोर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनसमोर, उभं करायचं आणि म्हणायचं दे ऑफसेट (टूलची मापं मशीनला भर). त्यानं दोन वर्षं काढलीत लेथवर, तो लेथ वयानं तुमच्या थोरल्या भावाएवढा, आणि तिथं नवी मशीन आलीच असेल तर ती प्लॅस्टिकच्या कव्हरखाली, कारण निदेशक तासिका तत्त्वावर, उद्या मशीनचा स्पिंडल ठोकला तर भरणार कोण. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे पण तोंडावर दिसू द्यायचं नाही. पोरगं गडबडलं की नुसती मान हलवायची.

आता अप्रेंटिस. कायदा 1961 चा आहे, तीस किंवा जास्त माणसं असली की 2.5 ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. घाबरू नका, यात फायदाच आहे, 2016 च्या योजनेत स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिन्याला 1500 पर्यंत, केंद्र सरकार देतं. हातात झाडू द्या, मशीनखालच्या धातूच्या चिप्स झाडू दे, जॉबच्या कडेची बर घासून काढू दे, डिस्पॅचच्या पेट्या उचलू दे. मशीनला हात लावायला लागला की ओरडा. वर्ष संपलं की त्याला सर्टिफिकेट, तुम्हाला नवीन अप्रेंटिस.

पण खरी कला पुढं आहे. सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा माणूस, तयार व्हायला सहा महिने तरी जातात, त्यात दोनचार इन्सर्ट (टूलची पाती) तुटणार, एखादा चांगला जॉब म्हणजे मशीनवरचा भाग रिजेक्ट होणार, सुपरवायझर तुमच्याकडं बघून कपाळाला हात लावणार. हा खर्च आपण कशाला करायचा? शेजारच्या शेडवाल्याला करू द्या. पोरगं तयार झालं की गेटबाहेर गाठायचं, हजार रुपये जास्त सांगायचे, सोमवारपासून ये म्हणायचं, झालं. शेजारी पण तुमच्यासारखाच हुशार निघाला तर मात्र घोटाळा आहे, मग दोघंही एकमेकांच्या गेटवर उभे आणि शिकवलेला पोरगा कुठंच नाही (पूर्ण एमआयडीसीची हीच गोष्ट आहे म्हणा, पण ते राहू दे).

कोणी म्हणेल सगळ्यांनी मिळून आयटीआयला हाताशी धरा. जरूर धरा, फोटोपुरतं. त्याची सोय 2007 पासून आहे, देशभरातल्या 1396 सरकारी आयटीआय पीपीपी, म्हणजे सरकार आणि उद्योग यांच्या भागीदारीच्या, योजनेत घेतल्या, प्रत्येकीला अडीच कोटीपर्यंत बिनव्याजी कर्ज, कमिटीचा चेअरमन उद्योगातला म्हणजे तुमच्यातलाच एक, प्राचार्य सेक्रेटरी. अशा एका मीटिंगला मी बसलोय. शाल, नारळ, पुष्पगुच्छ, मग मागचं इतिवृत्त वाचून कायम, मग मशीन घ्यायची का यावर चर्चा, मग पैसे एफडीत बरे आहेत यावर एकमत, मग वडा. कुठल्या ट्रेडला किती सीट पाहिजेत हा विषय आला तेव्हा चेअरमनसाहेबांना फोन आला होता.

आणि ती 'ड्युअल सिस्टीम' म्हणतात, थोडं आयटीआयत थोडं कारखान्यात, तिच्या नादाला लागू नका, पोरगं खरंच शिकतं. संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमकडं तर फिरकूच नका, तिथं ट्रेनिंग आणि कस्टमरचं काम एकाच छताखाली चालतं, बघून उगाच मनात काहीतरी येतं.

फाउंड्रीवाल्यांना वेगळं काय सांगायचं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये युपी-बिहारची माणसं श्रमिक रेल्वेनं गावी गेली आणि भट्टीसमोर उभं राहायला कोण उरेना, तेव्हा सगळे म्हणाले आता लोकल पोरं तयार करायची. मग माणसं परत आली आणि ते तेवढ्यावरच राहिलं. लोकल पोरगं भट्टीसमोर बारा तास का थांबत नाही याचं कारण उष्णता, धूळ आणि पगार असं कोणी म्हणालं तर विषय बदला, मोबाईलचं व्यसन सांगा. स्वतःच्या मुलाचा विषय निघाला तर तो पुण्याला कॉम्प्युटरला आहे, त्याचं वेगळं आहे.

एवढं सगळं नीट पाळलं की वर्षातून एकदा शेजारच्या शेडवाल्याचा फोन येईल, मालक एखादा तयार सेटर आहे का हो. नाही म्हणायचं. तो म्हणेल मग निवेदन देऊया, कुशल मनुष्यबळ उपलब्ध करून मिळावे म्हणून. द्यायचं की. मागच्या वर्षीचं निवेदन ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आहेच, नुसती तारीख बदलायची, आणि पालकमंत्री बदलले असतील तर तेवढं नाव बघून घ्या.