पेंडीतला फॉस्फरस कागदावरच

कोंबडीखाद्यावरच्या एका लेखात म्हटलंय की सोया पेंड, सूर्यफूल पेंडीत फॉस्फरस भरपूर, म्हणून लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं, डीसीपी (फॉस्फरससाठी खाद्यात घालतात ते डायकॅल्शियम फॉस्फेट) कमी केलं तरी चालतं. अहो पण त्यातला जवळपास 2/3 फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, कोंबडीकडं तो सोडवायला फायटेज हे एन्झाइम जेमतेम, बराचसा विष्ठेतूनच खाली, त्यात अंड्यासाठी कॅल्शियम 3.5 ते 4 टक्के ठेवावं लागतं ते फायटेटला आणखी घट्ट धरतं. इकडं सोलापुरात मका महागला की ज्वारी घालतात, तिचंही तेच. मग फॉस्फरस कमी पडून पिंजऱ्यात कोंबडी बसूनच राहते, उठवली तर पाय टेकवत नाही, आणि लोक कॅल्शियमसाठी नुसता शिंपल्याचा चुरा वाढवत बसतात! आधी फायटेज एन्झाइम घाला, मगच डीसीपी कमी करायला हात लावा, आणि एन्झाइम चिमूटभर असतंय, थोड्या भरड्यात कालवून मगच मिक्सरला टाका.